रोमबाहेरचा गोमंतकीय बिशप

२४ सप्टेंबर १९२३ रोजी पणजीच्या प्रमुख रस्त्यांवरून एक अंत्ययात्रा निघाली. आदल्या दिवशी रायबंदरच्या रुग्णालयात आमांशाने मृत्यू पावलेल्या सत्त्याऐंशी वर्षांच्या एका वृद्धाचा देह नगरपालिकेच्या सभागृहात लोकांच्या दर्शनासाठी ठेवण्यात आला होता. गव्हर्नरांनी आपला प्रतिनिधी पाठविला होता. सरकारातील वरिष्ठ अधिकारी हजर होते. मात्र गर्दी होती ती गोरगरिबांची आणि भिकाऱ्यांची. त्या साऱ्या समुदायात एकच माणूस नव्हता, तो म्हणजे प्रार्थना म्हणणारा पाद्री. सांतिनेजच्या दफनभूमीतील एका कोपऱ्यात कोणत्याही धर्मविधीवाचून तो देह मातीआड करण्यात आला. असे ज्याच्या वाट्याला आले तो मनुष्य स्वतः सुमारे साठ वर्षे पाद्री आणि त्यांपैकी चौतीस वर्षे बिशप होता.

आंतोनियो फ्रांसिस्को शाव्हियेर अल्वारिस हे त्यांचे नाव. केरळातील सिरियन ख्रिस्ती त्यांना मार यूलिओस म्हणून ओळखतात. रोमचा अधिकार न मानणाऱ्या पण स्वतःला कॅथॉलिक म्हणविणाऱ्या ज्या लहानमोठ्या मंडळ्या आज अमेरिकेत व अन्यत्र आढळतात, त्यांतील कितीतरी बिशपांची गुरुपरंपरा ह्या गोमंतकीय पाद्रीपर्यंत येऊन भिडते. गोव्यातील सुशिक्षितांना मात्र हे नाव आज सहसा आठवत नाही.

अल्वारिस यांचा जन्म सासष्टीतील वेर्णे येथे २९ एप्रिल १८३६ रोजी झाला. रायतूरच्या सेमिनरीत त्यांचे शिक्षण झाले. ते पाद्री झाले तो काळ गोव्यातील धर्मगुरूंच्या दृष्टीने विलक्षण अस्वस्थतेचा होता. पोर्तुगालने १८३४ साली धार्मिक संघ बरखास्त केले, पाठोपाठ गोव्यातील मठ ओस पडले आणि हिंदुस्थानभर विखुरलेल्या पोर्तुगीज आश्रयाखालील चर्चेसचा भार गोमंतकीय पाद्रींवर आला. ह्या आश्रयाला पाद्रोआदो म्हणत. मुळात तो एक व्यवहारच होता. पोर्तुगालच्या राजाने पूर्वेकडील चर्चचा खर्च सोसावयाचा आणि त्याबदली बिशप नेमण्याचा हक्क उपभोगावयाचा, असे त्याचे स्वरूप. एकोणिसाव्या शतकापर्यंत खर्च सोसण्याची ऐपत उरली नव्हती, हक्क मात्र सोडवत नव्हता. रोमने १६२२ मध्येच धर्मप्रसारासाठी प्रोपागांदा नावाचे स्वतःचे खाते उघडले होते आणि त्या खात्याचे युरोपीय प्रतिनिधी ब्रिटिश हिंदुस्थानात पाद्रोआदोच्या शेजारीच आपली सत्ता चालवीत. मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती वस्त्यांत एकाच धर्माच्या, एकाच मिस्सेच्या पण दोन वेगवेगळ्या बिशपांच्या आज्ञेतील चर्चेस शेजारी शेजारी नांदत, नव्हे भांडत. हे दुहेरी राज्य तेथे १९२८ सालापर्यंत टिकले.

हा वाद केवळ लिस्बन आणि रोम यांच्या मानापमानाचा होता असे समजणे चुकीचे ठरेल. गोमंतकीय पाद्रीच्या दृष्टीने पाद्रोआदो ही एकमेव अशी व्यवस्था होती की जिच्यात त्याला स्वतःच्या अधिकारात पॅरिश सांभाळता येई. प्रोपागांदाच्या कारभारात वरची जागा युरोपीय मिशनऱ्यांकडे असे आणि देशी पाद्री हा त्याचा मदतनीस ठरे. म्हणजे येथे भाकरी आणि प्रतिष्ठा हे दोन्ही प्रश्न एकत्र गुंतले होते. अल्वारिस यांच्या पुढील आयुष्यातील विसंगतींचा उलगडा करताना हे ध्यानी ठेवावे लागते.

तरुणपणीच त्यांनी दोन कामे हाती घेतली आणि ती अखेरपर्यंत सोडली नाहीत. १८७० नंतरच्या दशकात पणजीत त्यांनी एक धर्मादाय संस्था काढली. रस्त्यांवर फिरणाऱ्या भिकाऱ्यांना अन्न आणि निवारा देण्यापासून तिचा आरंभ झाला आणि पुढे गोव्यातील इतर शहरांतही तिचे काम पसरले. दुसरे काम वृत्तपत्राचे. ‘आ क्रूझ’, ‘आ व्हेर्दाद’, ‘ओ प्रोग्रेसो द गोआ’ अशी एकामागून एक पत्रे त्यांनी चालविली. चर्चचे वरिष्ठ असोत वा सरकारी अंमलदार, टीका करताना अल्वारिस हात आखडता घेत नसत, त्यामुळे पत्र बंद पडणे आणि नव्या नावाने पुन्हा निघणे हा क्रमच होऊन बसला. आर्चबिशप व्हालेंत यांच्याशी त्यांचे वितुष्ट आले ते ह्याच लेखनापायी.

१८८६ साली पोर्तुगाल आणि रोम यांच्यात नवा करार झाला. गोव्याच्या आर्चबिशपांना पूर्वेचे पॅट्रिआर्क हा भारदस्त किताब मिळाला, आणि त्याच करारान्वये सिलोनमधील व हिंदुस्थानातील पाद्रोआदोची पुष्कळ चर्चेस प्रोपागांदाच्या हवाली झाली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वर्गणी काढून ती चर्चेस बांधली, ज्यांचे वाडवडील त्यांच्या आवारात पुरले होते, त्यांना कोणीही विचारले नाही. एखाद्या पेढीने दुसरीशी हिशेब मिटवताना कुळांसकट जमीन लिहून द्यावी, तसा तो प्रकार झाला. कोलंबोत ह्याविरुद्ध पाद्रोआदो संरक्षक मंडळ उभे राहिले. त्याचा आधारस्तंभ होता मूळचा गोव्याचा एक डॉक्टर, पेद्रो मानुएल लिस्बोआ पिंतो. लिस्बनला अर्ज गेले, रोमला अर्ज गेले. उपयोग झाला नाही. तेव्हा ह्या मंडळींनी असा निर्णय घेतला की, रोम देत नसेल तर आपला बिशप आपण दुसरीकडून आणावा, आणि त्यासाठी त्यांची नजर अल्वारिस यांच्यावर गेली.

कॅथॉलिक विचारात बिशप हा निवडणुकीने होत नाही. ख्रिस्ताच्या प्रेषितांपासून चालत आलेल्या हस्तस्पर्शाच्या परंपरेतील बिशपांनी त्याला दीक्षा द्यावी लागते. रोमबाहेर अशी परंपरा सांभाळणारे हिंदुस्थानात एकच घर होते, ते मलबारच्या सिरियन ख्रिस्त्यांचे. त्यांचे पीठ अंत्युखियाच्या पॅट्रिआर्ककडे. आणि येथे इतिहासाने मोठी गंमत केली. १६५३ साली मट्टान्चेरी येथे ह्याच सिरियन ख्रिस्त्यांच्या पूर्वजांनी क्रुसासमोर शपथ घेऊन पोर्तुगीज पाद्रोआदोचे आणि त्याच्या जेझुइटांचे जू झुगारले होते. त्यांच्याच वंशजांच्या दारी पाद्रोआदोचे कैवारी आता बिशपपद मागावयास आले! मलबारच्या लोकांनी जुने उगाळले नाही. पॅट्रिआर्कची संमती आली आणि २८ जुलै १८८९ रोजी कोट्टयमच्या जुन्या सेमिनरीत अल्वारिस यांना दीक्षा मिळाली. दीक्षा देणाऱ्यांत परुमलचे मार ग्रेगोरियोस होते. त्यांना पुढे १९४७ साली मलंकार चर्चने संत म्हणून घोषित केले. अल्वारिस आता मार यूलिओस पहिले, गोवा, सिलोन व हिंदुस्थानचे मेट्रोपॉलिटन झाले. मिस्सा मात्र त्यांनी लॅटिनच ठेवली. रोमचा विधी कायम ठेवून रोमचा अधिकार नाकारणारे असे त्यांचे स्वतंत्र कॅथॉलिक चर्च होते.

ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयी सिरियन चर्च आणि रोम यांच्यात ४५१ सालच्या खाल्कदोनच्या परिषदेपासून मतभेद आहे. तो ह्या मंडळींनी कितपत जोखला होता, हा प्रश्न विचारणे रास्तच आहे. मनात रोमचीच उपासना, हातात पोर्तुगालचा झेंडा आणि डोक्यावर अंत्युखियाचा मुकुट, अशी ही तडजोड होती. पण त्याच सुमारास युरोपातही काहीसे असेच घडत होते. पोपच्या अचूकतेचा सिद्धान्त १८७० च्या व्हॅटिकन परिषदेने मान्य केल्यावर जर्मनी, स्वित्झर्लंडातील जे कॅथॉलिक बाहेर पडले, त्यांचे व हॉलंडमधील जुन्या चर्चचे बिशप १८८९ च्याच सप्टेंबरात उट्रेख्ट येथे एकत्र आले. कोट्टयमच्या समारंभाला तेव्हा दोन महिनेही पुरते झाले नव्हते.

नव्या चर्चचे ठाणे कोलंबोच्या हल्ट्सडॉर्फ भागातील चर्चमध्ये पडले. सुखी मरणाची माता हे त्याचे नाव. डॉ. पिंतो तेथूनच चळवळ चालवीत, आणि त्यांच्याविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १८९३ साली कोलंबोतील केव्ह कंपनीच्या छापखान्यातील कामगारांनी संप केला. त्यातून सिलोनमधील पहिली कामगार संघटना उभी राहिली, आणि तिचे अध्यक्ष हेच डॉ. पिंतो होते. दूरच्या सत्तेने न विचारता आपल्या डोक्यावरचा धनी बदलला ह्याची चीड ज्याला आली, त्याला छापखान्याच्या खिळे जुळणाऱ्यांचे दुःखही कळले, ह्यात नवल वाटू नये. श्रमिक चळवळीच्या इतिहासात पिंतोंचे नाव नोंदले गेले आहे. त्यांच्या चर्चची नोंद तेथे बहुधा ओझरतीच आढळते.

मंगळूरच्या उत्तरेस ब्रह्मावर येथेही एक मोठी मंडळी अल्वारिस यांना येऊन मिळाली. हे लोक मूळचे गोव्यातून गेलेले, कोंकणी बोलणारे. रॉक झेफिरीन नोरोन्या हे पाद्री त्यांचे पुढारी. १९३६ साली मृत्यू येईपर्यंत नोरोन्यांनी ही मंडळी हिमतीने सांभाळली.

कोलंबोतील दिवसांतील सर्वांत दूरगामी घटना २९ मे १८९२ ची. जोझफ रने व्हिलात नावाचा, पॅरिसमध्ये जन्मलेला एक पाद्री अमेरिकेतील विस्कॉन्सिन प्रांतात बेल्जियन वसाहतकऱ्यांत काम करीत असे. स्वित्झर्लंडच्या जुन्या कॅथॉलिक बिशपने त्याला पाद्री केले होते, बिशप करण्यास मात्र कोणी तयार नव्हते. अर्ध्या जगाला वळसा घालून तो सिलोनला आला. पॅट्रिआर्कचे संमतिपत्र आल्यावर अल्वारिस यांनी मलबारच्या दोन बिशपांसह हल्ट्सडॉर्फच्या चर्चमध्ये त्याला आर्चबिशपपदाची दीक्षा दिली. अमेरिकेचा वकील साक्षीला होता. व्हिलात हा स्थिर बुद्धीचा मनुष्य नव्हे. त्याने पुढे ज्याला त्याला बिशप केले आणि स्वतः म्हातारपणी रोमच्या आश्रयास परत जाऊन १९२९ साली फ्रान्समध्ये देह ठेवला. त्याच्या परंपरेला आपली मान्यता नाही, असे अंत्युखियाच्या पीठाने १९३८ साली जाहीर करून टाकले. उट्रेख्टनेही ती कधी मानली नाही.

पण ह्या अव्यवस्थित परंपरेतून जे लोक आत आले त्यांच्याकडे पाहिले की, नुसते हसून मोकळे होता येत नाही. जॉर्ज अलेक्झांडर मॅग्वायर हा अँटिग्वा बेटावरील कृष्णवर्णीय पाद्री. अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चमध्ये काळ्या माणसाला खऱ्या अधिकाराचे बिशपपद मिळणे नाही हे अनुभवाने कळल्यावर तो मार्कस गार्वी यांच्या चळवळीत शिरला आणि १९२१ साली त्याने आफ्रिकन ऑर्थोडॉक्स चर्च स्थापिले. त्याला दीक्षा देण्यास जो एक बिशप पुढे आला तो व्हिलात होता. मॅग्वायरकडून ती दीक्षा १९२७ साली दक्षिण आफ्रिकेच्या डॅनियल विल्यम अलेक्झांडरकडे गेली. हा अलेक्झांडर १९३५ साली केनियात पोचला. गोऱ्या मिशनपासून फुटून निघालेल्या किकुयू लोकांच्या शाळांना स्वतःचे पाद्री हवे होते, ते त्याने तेथे तयार केले. सासष्टीच्या वेर्ण्यातील एका पाद्रीचा हात असा किकुयूंच्या माथ्यापर्यंत पोचला. पुढे अमेरिकेत ह्याच स्वतंत्र कॅथॉलिक प्रवाहात ज्या मंडळ्या निघाल्या, त्यांतील कित्येकांनी घटस्फोटितांना आणि समलिंगी स्त्रीपुरुषांना पवित्र प्रसादासाठी बोलावले, स्त्रियांना वेदीपाशी उभे केले. अटलांटा येथे १९४६ सालीच जॉर्ज हाइड यांनी अशी मंडळी भरविली होती. अल्वारिस हे पाहावयास असते तर त्यांनी ते मान्य केले असते काय? धर्ममतांत ते जुन्या वळणाचे होते. त्यामुळे होय असे छातीठोकपणे सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

सर्वांना दार उघडे ठेवण्याची त्यांची रीत वेगळी होती, आणि ती पाहावयाची तर गोव्यातच परतले पाहिजे. तेथे त्यांनी ‘ओ ब्रादो इंदियानो’ हे नवे पत्र काढले. १८९५ साली मोझांबिकला पाठविण्याच्या हुकुमावरून गोव्यातील मराठा शिपायांनी बंड केले आणि सत्तरीचे दादा राणे त्यात उतरले. सरकारला आता प्रत्येक टीकाकार बंडखोर दिसू लागला. ब्रादोवर राजद्रोहाचा ठपका आला. अल्वारिस यांना पकडले, अंगावरची बिशपाची वस्त्रे उतरवून, क्रूस व अंगठी काढून घेऊन, अर्ध्या कपड्यांनिशी रस्त्याने चौकीत नेले आणि एका गलिच्छ, ओलसर खोलीत कोंडले. खटल्यात मात्र न्यायाधीशाने त्यांना निर्दोष सोडले. ज्या पोर्तुगालचा हक्क राखण्यासाठी त्यांनी रोमशी बिघडविले, त्याच पोर्तुगालने त्यांना राजद्रोही ठरवावे, ह्याहून कडू फळ कोणते? ह्यानंतर ते पोर्तुगालविषयी काय म्हणत असतील ते असो. भिकाऱ्यांविषयीचे त्यांचे मत बदलले नाही एवढे निश्चित.

त्या काळच्या गोव्याची दैना समजून घेण्यासाठी १८७८ चा इंग्रज-पोर्तुगीज करार आठवावा लागतो. वर्षाला चार लाख रुपये आणि मुरगावची आगगाडी यांच्या मोबदल्यात गोव्याने मिठाच्या उत्पादनावरील ताबा ब्रिटिशांकडे दिला. मिठागरांवर जगणाऱ्यांची आणि लहान व्यापाऱ्यांची कंबर मोडली. १८९२ मध्ये करार संपला तरी गेलेले धंदे परत आले नाहीत. तरुण मुंबईची वाट धरीत, मागे म्हातारे आणि रोगी उरत. गोव्याला पुरेल इतका तांदूळ गोव्यात पिकत नसे. अल्वारिस यांनी ह्या प्रश्नाकडे प्रवचनकाराच्या नव्हे, गृहस्थाच्या नजरेने पाहिले. त्यांनी पोर्तुगीजमध्ये मँडिओका म्हणजे टॅपिओकाच्या कंदाच्या लागवडीविषयी पुस्तिका काढली. हलक्या जमिनीत, थोड्या मेहनतीत येणारे हे पीक दुष्काळात पोट भरू शकते, हे त्यांनी ओळखले. त्रावणकोरच्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी थोड्याच वर्षांपूर्वी ह्याच पिकाचा आपल्या राज्यात प्रसार केला होता. पटकीच्या साथींत काय करावे ह्याचीही एक पुस्तिका अल्वारिस यांनी लिहिली आणि आजाऱ्यांची शुश्रूषा केली. गरीब मुलांसाठी शाळा काढली. महारोग्यांना आणि निराधारांना त्यांनी आसरा दिला. तेथे कोणाची जात विचारली जात नसे, धर्मही विचारला जात नसे.

ह्यासाठी लागणारा पैसा ते भीक मागून आणीत. ह्या संदर्भात त्यांची एक आठवण सांगतात. एका दुकानदाराने त्यांच्या पात्रात पैसे टाकण्याऐवजी थुंकी टाकली. अल्वारिस शांतपणे म्हणाले की, हे माझ्यापुरते झाले, आता गरिबांसाठी काही द्यावे. ओशाळलेल्या दुकानदाराने मग हात सैल सोडला. अशीच गोष्ट आणखी काही सत्पुरुषांच्या नावावरही ऐकू येते, म्हणून ती अक्षरशः खरी मानण्याचा आग्रह नको. पण पणजीच्या लोकांना ती त्यांच्याविषयी खरी वाटली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. बिशप म्हणून त्यांच्या आज्ञेत चालणारे सिलोनमधील अनुयायी हळूहळू पांगले, पुष्कळजण रोमकडे परतले. गोव्यात तर त्यांच्या चर्चला पाय रोवता आलेच नाहीत. ज्यांच्यासाठी त्यांनी बिशपपद पत्करले होते ते गेले, आणि ज्यांना बिशपपदाशी काही देणेघेणे नव्हते ते पात्र घेऊन दाराशी रांगेत उभे राहिले.

अखेरच्या वर्षांत त्यांनी रोमच्या आज्ञेत परत यावे म्हणून गोव्याच्या धर्मपीठाने प्रयत्न केले. एका सहीनिशी दफनभूमीत मानाची जागा, घंटांचा नाद, पुष्पमाला, सारे मिळाले असते. त्यांनी सही केली नाही.

दफनानंतर चार वर्षांनी, १९२७ साली, त्यांच्या चाहत्यांनी अस्थी वर काढून शिशाच्या पेटीत घातल्या, त्याच दफनभूमीत पुन्हा पुरल्या आणि वर संगमरवरी शिळा बसवून मोठा क्रूस उभारला. नंतर ही जागा विस्मृतीत गेली. मलंकार ऑर्थोडॉक्स चर्चच्या लोकांनी १९६७ साली शोध घेतला तेव्हा तो क्रूस आणि ती शिळा त्यांना सापडली. त्या अस्थी आता रायबंदरच्या सेंट मेरी ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आहेत. शिळेवरील मजकूर पोर्तुगीज आहे. त्यात त्यांना मानवतावादी मिशनरी आणि थोर देशभक्त म्हटले आहे. मेट्रोपॉलिटन, बिशप, मार यूलिओस, ह्यांपैकी एकही शब्द तेथे नाही. नावाआधी आहे ते केवळ पाद्री.